ट्रकला रजा कशाला हवी?

चाकणच्या कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळायचे तेव्हा एक नवी सोय आली. काय हवं ते साध्या वाक्यांत लिहायचं. मग लॉगिन, मंजुरी, मेसेज, पावती असे आमच्याकडचे तयार भाग ती यंत्रणा आपणहून निवडायची आणि जोडून अख्खं ॲप उभं करायची. पहिलं काम आलं गेटचं. ट्रकच्या नोंदी रजिस्टरातून ॲपवर आणायच्या होत्या.

मी जागेवर बसूनच लिहिलं, ‘गाडी आली की नोंद व्हावी. मंजुरी मिळाल्यावर आत सोडावी.’ चहा संपेपर्यंत ॲप तयार. मी स्वतःवरच खूश!

सोमवारी सकाळी गेटवरच्या काकांचा फोन आला. काका इथल्याच गावचे, फौजेतून निवृत्त झालेले.

“मॅडम, खाली या जरा. ह्ये गाडीला इचारतंय, रजा कशापायी पायजे!”

धावतच गेले. ‘मंजुरी’ शब्द दिसताच यंत्रणेने कामगारांच्या रजेचा भाग उचलून जोडला होता. पर्याय दोनच, आजारपण किंवा घरगुती कारण. एका ड्रायव्हरने वैतागून आजारपण निवडलं, तर ॲपने त्याच्याकडे डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. मागे ट्रकची रांग हायवेला टेकलेली.

काकांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि अर्ध्या तासात रांग मोकळी केली. मी बाजूला ओशाळून उभी.

“काका, गेटवर नेमकं काय काय करता, सांगाल?”

“सांगतो की. आधी कुणी इचारलंच न्हाई.” त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “मंजुरीबिंजुरी काय न्हाई. मालाचं चलन बघायचं, गाडीचं सील बघायचं, सोडायचं. चलन नसलं तरच स्टोअरला फोन. आन् ड्रायव्हर लांबनं आलेला असतो, त्याला पयलं पाणी आन् संडास दावायचा. त्ये बी लिवा.”

त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहून काढलं. यंत्रणेने यावेळी रजेचा भाग वगळला आणि कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठीचा नकाशा शोधून गेटच्या पावतीच्या मागे जोडला. संडासाकडे बाण दाखवणारी ती पावती ड्रायव्हरांना फार आवडली.

आठवड्याभरात कॅन्टीनवाल्या ताई माझ्या टेबलापाशी आल्या. “आमचंपण ॲप करा ना,” म्हणाल्या, “फक्त लिहायला काकांना बसवा.”