गोटी सोड्यानं धुतलेली नवरी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबलोक बायकापोरांसकट आले. पाऊस तेवढा आला नाही. मुदखेडच्या चांगुणानं मात्र भलताच सरळ विचार केला: साहेबांच्या बायका आल्या म्हणजे त्यांच्या भुवयाही आल्याच! नांदेडच्या पार्लरात ती सगळं शिकली होती. लातुरात एक खोली घेतली, मोठा आरसा टांगला आणि दारावर पाटी लावली.

तिचा बाप व्यंकटी रेल्वेत गँगमन. पोरीला नव्या कलेक्टर कचेरीत कारकुनाची नोकरी लागलेली, आणि पोरगी कात्री-दोरा घेऊन बसलेली! त्याचा जीव नुसता तीळ तीळ तुटायचा.

"सरकारी खुर्ची सोडून बायांच्या मिशा उपटतीस व्हय गं?"

"एक नवरी सजवू दे, बा. ती बिघडली तर सोमवारी कचेरीत हजर व्हते. सजली, तर तू गप ऱ्हायचं."

"हाव," म्हणाला व्यंकटी, आणि नवरी बिघडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळावी म्हणून मेकअपची पेटी उचलून तिच्याबरोबर निघाला.

नवरी होती पार्वतीबाईंची लेक नीलम्मा. मांडवात पाण्याचा टँकर आलाच नव्हता, म्हणून हळद लागलेल्या नवरीची अंघोळ एका तांब्यात उरकलेली. चांगुणा हवेत होती. तिनं ओल्या कापसानं चेहरा पुसला, पिवळी झाक बघून मनात म्हणाली, काय सोन्यासारखी कांती हाय! आणि खुशीत ब्लीचचा जाड थर चढवला.

थोड्या वेळानं क्रीम पुसलं, तर नवरी कपाळापासून हनुवटीपर्यंत लालेलाल!

पार्वतीबाईंनी मांडव डोक्यावर घेतला. "लेकराचं पार कुंकू करून टाकलं की गं!"

दारात उभ्या व्यंकटीनं पोरीकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं टेबल, फायली आणि सोमवार नाचायला लागले. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि लिंबानं परत पिवळा, हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ब्लीचही साबणाच्याच जातीचं निघालं, हे तिला आत्ता कळलं. स्वयंपाकात लिंबं होती, पण पाणी? पिंपावर आचारी पळी घेऊन पहारा करत होता. तेवढ्यात तिला वऱ्हाडासाठी रचून ठेवलेले गोटी सोड्याचे क्रेट दिसले.

"बा! सोडा आण! आन् लिंबं!"

काय झालं कुणास ठाऊक, व्यंकटी पळाला. कचेरीची खुर्ची विसरून, धोतर सावरत पळाला. क्रेटच आणला, आणि अंगठ्यानं एकेक गोटी दाबत सुटला. फुस्स! फुस्स! चांगुणा लिंबू पिळून सोड्याचे हबके मारत होती. फेस नीलम्माच्या नाकात गेला, ती शिंकली आणि फिदीफिदी हसत सुटली. तिचं बघून करवल्या हसल्या, आणि रडता रडता पार्वतीबाईंनाही हसू फुटलं. लाली उतरली, उरलेली हळदही निघाली. स्वच्छ, नितळ तोंडावर चांगुणानं पावडर-काजळ केलं, टिकल्या लावल्या, मुंडावळ्या बांधल्या. हसून हसून नवरीचे गाल असे फुलले होते की रंग लावायची गरजच पडली नाही.

एवढ्यात नवरदेवाचे मामा तावातावानं आले. "वऱ्हाडाचा सोडा कुठं गेला?"

"नवरीच्या तोंडाला लागला," व्यंकटी म्हणाला. सदरा चिंब, अंगठा सुजलेला.

मामांनी नवरीकडं पाहिलं आणि सोड्याचं विसरूनच गेले. मग म्हणाले, "तुमी कोण?"

चांगुणाचे हात थांबले. आजवर हा माणूस सगळ्या मुदखेडला 'मी कारकुनाचा बाप' असं सांगत फिरत होता.

व्यंकटीनं खाली ठेवलेली मेकअपची पेटी उचलली, ओल्या बाहीनं पुसली आणि काखेत घट्ट धरली.

"मी? मी पार्लरवालीचा बाप हाय."