थांबलेल्या बोटीचं तोंड

फोन आला तेव्हा मी दुकानात एका ब्लाउजची बाही उसवत बसले होते. धाराशिवात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि लग्नसराईत मला मान वर करायला सवड नसते. पलीकडून आमच्या गावचा, बेंबळीचा चुलतभाऊ बाळू बोलत होता. "अक्का, दिगूदादाला..." एवढं म्हणून तो अडखळला. आणि माझ्या तोंडून निघालं, "पाण्यात पडला का?" बेंबळीत, ऐन उन्हाळ्यात, माणूस पाण्यात पडायला पाणी कुठलं? "पाण्यात न्हाय अक्का," तो म्हणाला, "शॉक बसला. मोटारीच्या स्टार्टरचा. सरकारी दवाखान्यात आणलाय, तुम्ही तिकडंच या." मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. आता काही आठवडे उलटले, पण माझा तो प्रश्न मला सोडत नाही. कितीतरी वर्षं मी ह्या फोनची वाट बघत आले होते, फक्त तो समुद्राकडून येईल असं धरून चालले होते.

दिगंबर माझा धाकटा भाऊ. घरात दिगू. धाराशिवच्या आयटीआयमधून बाहेर पडला आणि मित्राच्या ओळखीनं थेट रत्नागिरीच्या बाजूला, मासेमारीच्या बोटींवर यंत्रं बसवणाऱ्या एका दुकानात लागला. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्या घरातला हा पोरगा! मी पैज लावली होती की आठ दिवसांत परत येईल. पहिल्या आठवड्यात तो बोटीवर इतका ओकला म्हणे, की तिथल्या लोकांनी त्याला लिंबू चोखायला देऊन एका कोपऱ्यात टाकून दिलं. पण आला नाही. तिथंच शिकला. मासळीचा थवा दाखवणारं यंत्र, रडार, वायरलेस, नकाशाचा पडदा... सगळं बसवायला लागला, आणि बंदरातली माणसं त्याला 'मास्तर' म्हणायला लागली. पैज मी हरले, आणि हरणं मला कधीच मानवत नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दिवसांत, बोटींच्या दुरुस्तीची घाई सुरू व्हायच्या आधी, तो थोडे दिवस बेंबळीला यायचा. एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या, मोठ्या पिशवीत बंद पडलेली यंत्रं. त्यात एक वस्तू नेहमी असायची. मुठीएवढी काळी बंद डबी, वर एक बाण कोरलेला. तो तिला हेडिंग सेन्सर म्हणायचा. आईनं विचारलं, "ह्याचं काम काय रं?" तर म्हणाला, "बोटीचं तोंड कुठं हाय ते सांगतंय." आई म्हणाली, "डोळं न्हायती का त्या नावाड्याला?" दिगूला हे लई आवडलं. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. उपग्रहाकडून कळतं ते बोट कुठं आहे आणि कुठं चाललीय एवढंच, तेही बोट चालत असेल तर. "जाळं टाकून बोट थांबली, का त्या यंत्राला तोंडच कळत न्हाय बघ आई. मग रडार भलतीकडं दाखवतंय, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र गोंधळतंय. थांबलेल्या बोटीचं तोंड सांगायला ही डबी लागती."

डबी जिवंत आहे की मेली, हे बघायला ती सपाटीवर ठेवून सावकाश, एका लयीत गोल फिरवावी लागे. लोखंड जवळपास नको. त्यानं टेबलावर बघितलं, पाटावर बघितलं, आणि शेवटी त्याची नजर आईच्या जात्यावर गेली. आमच्या जात्याची मधली खीळ बाभळीच्या लाकडाची. झालं! डबी जात्याच्या वरच्या पाळीवर दोऱ्यानं बांधली, वायरी सैल सोडल्या, शेजारी मोटारसायकलची जुनी बॅटरी आणि हाताएवढा एक पडदा मांडला, आणि आईला बसवलं. "भरडा काढतीस तसं फिरव. पर त्याच्याहून लई हळू." आईनं खुंटा धरला. पडद्यावरचे आकडे एकामागोमाग एक, न अडखळता सरकायला लागले. दिगू जमिनीवर पालथा पडून आकडे बघतोय आणि आई रिकामं जातं फिरवतेय, हे बघायला गल्लीतल्या बायका दारात जमल्या. एकीनं विचारलं, "काय दळताव हो?" आई म्हणाली, "दिशा."

मी एकदाच त्याच्या बंदरावर गेले, आमच्या ह्यांच्याबरोबर. दिगूला त्या दिवशी एका बोटीवर नवा सेन्सर बसवायचा होता, आणि अक्कानं आपलं काम बघावं म्हणून त्यानं आम्हांला बोटीवर चढवलं. साधं होकायंत्र हातात धरून तो केबिनभर फिरला. काटा कुठं बिचकतो ते बघत होता. स्पीकर, पंखा, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा स्टीलचा डबा, सगळ्यांपासून लांब, बोटीच्या मध्यावर, फळीला त्यानं डबी ठोकली, बाण बरोबर नाकाकडे. मग एका जाड केबलवर एकेक जोड देत रडार, नकाशा आणि सुकाणूचं यंत्र तिला जोडलं. केबलच्या दोन्ही टोकांना त्यानं बोटाएवढी टोपणं फिरवून बसवली. मी विचारलं, "पुढं काही जोडायचंच नाही तर टोपण कशाला?" तर म्हणाला, "टोक उघडं राहिलं तर निरोप तिथनं माघारी फिरतो अक्का. सगळ्यांचा घोळ होतो."

मग शांत खाडीत बोट सावकाश गोल फिरवायची, म्हणजे डबी त्या बोटीच्या लोखंडाशी जुळवून घेते. एक फेरी झाली, दुसरी झाली, पडद्यावर काही 'जुळलं' येईना. तिसऱ्या फेरीला तांडेल वैतागला. "मास्तर, डिझेल जाळून गोल गोल काय फिरवतोस, मुंडावळ्या बांधू काय बोटीला?" दिगू घामाघूम. सगळं पुन्हा तपासलं. आणि मग त्याची नजर खुंटीवर गेली. सेन्सरच्या शेजारच्या खुंटीवर मी माझी पर्स अडकवली होती, आणि पर्समध्ये टाचण्या गोळा करायचा माझा लोहचुंबक होता. तो माझ्याकडे कायम असतो, शिंप्याचा हात तो... दिगूनं पर्स उचलून बोटीच्या पार टोकाला नेऊन ठेवली आणि म्हणाला, "तू जवळ आलीस का माझी दिशा फिरतीच बघ, अक्का." सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पुढच्या फेरीत जुळलं. रडारमधला किनारा नकाशातल्या किनाऱ्यावर अलगद बसला, तेव्हा दिगूनं तांडेलाच्या पाठीत अशी थाप मारली, की त्याची विडी पडली. एवढा खूश मी त्याला घरात कधीही पाहिला नव्हता. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला मात्र त्याच्या मागं पसरलेलं ते पाणी तेवढं दिसलं.

त्यानंतर एका वादळात त्या बंदरातली एक बोट गेली. दिगू तिच्यावर नव्हता, त्या दिवशी तो किनाऱ्यावर जेवत बसला होता. पण माझी झोप उडाली ती उडालीच. मी रोज संध्याकाळी त्याला फोन करायला लागले. ये परत. तिथं ठेवलंय काय? बोटीवरच्या माणसाला पोरगी कोण देणार? आणि शेवटी, बाकी काही चालेना तेव्हा, "आई एकटी आहे. ती बोलत नाही, पण झुरते." हे मी माझ्या मनानं ठोकून दिलं होतं. आई झुरत वगैरे काही नव्हती. तिला मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "मला काय धाड भरलीय? ऱ्हाऊ दे त्याला तिथं, सुखात हाय पोरगं." झुरत होते ती मी. माझी भीती मी आईच्या नावावर खपवली. दिगू पुढच्या महिन्यात पिशव्या घेऊन आला. का आला, हे त्यानं आईला सांगितलं नाही, आणि मला काही विचारलं नाही.

बेंबळीत त्यानं कॅमेरे बसवले, इन्व्हर्टर दुरुस्त केले, आणि हळूहळू विहिरीवरच्या मोटारी. त्या मोटारींची जाहिरात करणारी मीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे, "माझा भाऊ करून देईल की!" तो कुणाला नाही म्हणायचा नाही. बोटीवरचं काम बारा व्होल्टचं. तिथं, आणि सुट्टीत घरी बॅटरीवरही, चालू वायर तो चिमटीत धरायचा, तिचं आवरण दातानं सोलायचा. मी ओरडले की म्हणायचा, "बाराला माणूस मरत न्हाय अक्का, समुद्रात पडून मरंल." हात इतके निर्धास्त झालेले होते. त्या दिवशी शिवारातली लाइट गेलेली होती. यायला अजून अवकाश आहे असं धरून त्यानं स्टार्टर उघडला, फ्यूज काढले नाहीत. आमच्याकडे सगळेच असंच करतात. लाइट ठरलेल्या वेळेच्या आधी आली, आणि त्या वायरीत बारा व्होल्ट नव्हते.

भेटायला आलेली माणसं माझ्या पाठीवर हात ठेवून एकच सांगायची. "निदान घरी गेला, आईपाशी गेला. तुम्ही बोलवून घेतलंत म्हणून. तिकडं समुद्रात काही झालं असतं तर तोंडसुद्धा दिसलं नसतं." चांगली माणसं, मनापासून बोलायची. मी मान डोलवायचे आणि आत जाऊन मोरीत उभी राहायचे. मला कुणीतरी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर त्या तांडेलाचा फोन आला. त्याला उशिरा कळलं होतं. बराच वेळ तो नुसता "अरे अरे" करत राहिला. मग म्हणाला, "ताई, ह्या नारळी पौर्णिमेला मास्तर परत येणार होता आमच्याकडं. कायमचा. खोलीपण बघून ठेवलीती मी. फक्त अक्काला कसं सांगायचं तेवढं बघतो, म्हणाला होता..." दिगू जाण्याच्या थोडे दिवस आधी दुकानात आला होता ते मला आठवलं. स्टुलावर बसून म्हणाला होता, "अक्का, एक बोलायचं होतं." समोर नवरीची आई कापड घेऊन उभी. मी म्हटलं, "बोल की, ऐकतेय." ऐकत नव्हते. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, माझ्या मशीनचं खरखरणारं पायडल उघडून साफ करून दिलं आणि, "येतो परत," म्हणून गेला. माझ्यासारख्या बहिणीला काही सांगायचं म्हणजे धीर गोळा करावा लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

परवा बेंबळीला गेले होते. सोप्यात जातं तसंच आहे, वर ती डबी दोऱ्यानं बांधलेली. परत आल्यापासून त्यानं ती तिथून काढलीच नव्हती. आईनंही मग भरडा काढायला शेजारचं जातं धरलं. सगळ्यावर धूळ बसली होती, म्हणून मी फडकं घेतलं. पडदा पुसला, केबल पुसली, टोकाची टोपणं निघाली ती काढून पुसून बाजूला ठेवली, आणि जात्याची पाळी फिरवून पलीकडची धूळ झटकली. तेवढ्यात आई चुलीपासून उठून आली.

"सुमे, हलिवलंस व्हय ते?"

"धूळ होती आई."

"त्याचं तोंड तिकडं बंदराकडं हुतं. त्यानं लावून ठिवलं हुतं. रोज सांच्याला बघायचा, हललं का म्हून." आई खाली बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जसं हुतं तसं कर."

मी विचारलं, "आई, त्याला परत जायचं होतं, तुला ठाऊक होतं?"

"व्हय," आई म्हणाली. "म्याच म्हनलं, जा. म्हनला, अक्काला इचारतो आदी."

डबीचा बाण चुलीकडे झाला होता. बंदर कुणीकडे आहे हे मला ठाऊक नाही, पश्चिमेला कुठंतरी एवढंच. मी बॅटरीला वायरी लावल्या, लालला लाल, काळ्याला काळी. पडदा उजळला, पण आकडा येई आणि जाई. मग टोपणांची आठवण झाली. दोन्ही शोधून, दोन्ही टोकांना, तो फिरवायचा तशी घट्ट फिरवून बसवली. आकडा स्थिर झाला.

"किती होता आई? आकडा?"

"दोन, चार, सा," आई म्हणाली. "पाढ्यावानी हाय, म्हून ध्यानात ऱ्हायलं."

मी खुंट्याला हात घातला आणि थांबले. पर्स माझ्या खांद्यालाच होती. उठून ती अंगणाच्या पार पलीकडे, गोठ्याच्या भिंतीपाशी ठेवून आले. मग बसले आणि जातं फिरवायला घेतलं. माझा हात घाईचा, आकडा सारखा पुढं निघून जायचा. आई दर वेळी म्हणायची, "हळू. लई हळू." दोनशे सेहेचाळीस आला तसा मी हात काढून घेतला.