दादांनी खोटं ठरवलेलं इंजिन

गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम, पलीकडे आमचा संसार. धारहून तिरल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही असे अकरा वर्षं राहिलो. सोयाबीनच्या हंगामात आई दुसऱ्यांच्या शेतात काढणीला जायची, एरवी गाड्यांचे सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायची आणि त्याच हातांनी पोळ्या करायची. मातीनं घासून घासून हात सोलले तरी पोळीला वास लागायचाच. मी सहावीत असताना शेजारच्या मुलीनं बाईंना सांगितलं, हिच्या डब्याला घासलेटचा वास येतो. बाईंनी मला मागं एकटीला बसवलं. घरी येऊन मी रडत रडत सांगितलं तर दादा हसले. म्हणाले, "बरं झालं की. पाय पसरायला जागा मिळाली."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची रीत आहे. मला ती जमणार नाही, आणि दादांनाही ते आवडलं नसतं.

दीड महिन्यापूर्वी देवासच्या कारखान्यात मी ओतकामाच्या तपासणीच्या टेबलाशी होते, तेव्हा गॅरेजच्या शेजारच्या पंक्चरवाल्या सलीमभियांचा फोन आला. "जिजी, दादा गए। पाना हाथ में ही था।" माझ्या हातात जे कास्टिंग होतं त्याचा नंबर मी रजिस्टरमध्ये पूर्ण लिहिला आणि मग खाली बसले. डोळ्यांत पाणी नव्हतं. मनात आले ते हाटपिपल्याचे मांगीलालजी… आता त्यांना खरं सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, हे.

ते खरं काय, हे कळायला दादांचं काम सांगायला हवं. माझे आजोबा धार संस्थानच्या मोटारखान्यात फिटर होते. लिहितावाचता येत नव्हतं, पण विलायती गाड्यांच्या भागांवरचे आकडे त्यांना अंगठ्यानं कळायचे. दादा ते त्यांच्याकडून शिकले. पुढे जुन्या गाड्यांचे शौकीन वाढले, आणि हा भाग गाडीचा मूळचा की मागाहून घातलेला, हे सांगणारा माणूस त्यांना हवा झाला. इंदूर, उज्जैन, कुठून कुठून लोक आमच्या पत्र्याखाली यायला लागले. दादा भाग उलटा करायचे, रॉकेलचा बोळा फिरवायचे, वर खडू चोळायचे. मग आकडे दिसायला लागायचे. काही उठावाचे, भाग ओतताना साच्यातूनच आलेले. त्यातलं अक्षर म्हणजे महिना, पुढचा आकडा तारीख, शेवटचा वर्षाचा. काही आकडे खोल, कारखान्यात हातोडीनं ठोकलेले. ते भाग कुठल्या गाडीत बसला ते सांगतात. आणि काही भागांवर त्या आकड्यांच्या शेजारी एक नखाएवढी चंद्रकोर. दादा तिला चांद म्हणायचे. आजोबांनी त्यांना एकच वाक्य शिकवलं होतं, चांद दिसला की तो भाग डोळे मिटून घे. दादा तेच चालवत आले. चांद म्हणजे कारखान्याच्या तपासनिसाची खूण. चांद आहे, अस्सल. चांद नाही, भंगार.

निकाल देताना त्यांना मजा यायची. समोरच्याचा चेहरा पडताना बघायला ते चष्मा पुसून घालायचे. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली, त्या दिवशी पेढे घेऊन गेले तर दादांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं, हातात तीन भाग दिले आणि म्हणाले, "सांगा कॉलेजबाई, कुठल्या साली ओतले?" मला एकही सांगता आला नाही. लोक हसले. पेढे त्यांनीच वाटले.

मांगीलालजी आले ते त्याच्या आधीच्या वर्षी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वडिलांची गाडी घालून आणली होती. वडील तेव्हा हयात होते, घरीच असायचे. गाडीचं इंजिन कधी बदललंच नाही, असं त्यांचं म्हणणं. इंजिनावरचा नंबर आणि खालच्या सांगाड्यावरचा नंबर जुळत होता. दादांनी खडू चोळला, अंगठा फिरवला आणि बोळा फेकून दिला.

"नंबर तो कोई भी ठोक दे, भिया। चांद किधर है?"

"पर बाउजी तो बोलते हैं, इंजन कभी उतरा ही नहीं।"

"तो बाउजी झूठ बोलते हैं। घर जाके पूछो, असली किसको बेच खाया।"

सगळे हसले. मीही हसले. हे लिहायलाच हवं. मांगीलालजींनी सहा महिन्यांत चांद असलेलं इंजिन कुठून तरी मिळवून बसवलं आणि जुनं भंगारात दिलं. ते फोडून भट्टीत गेलं.

नंतर मला देवासला नोकरी लागली. काम तेच, ओतीव भागांवरच्या खुणा तपासायचं. तिथे पहिल्याच महिन्यात शिकले की एका कारखान्याची खूण दुसऱ्या कारखान्याच्या मालावर कधी येत नाही. ते डोक्यात राहिलं. रविवारी धारला गेले की मी दादांकडच्या भागांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा वहीत चिकटवायची. तीन वेगवेगळ्या देशांतल्या, तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर एकच चांद. खालचं टोक तुटलेलं, प्रत्येक ठशात तसंच तुटलेलं. म्हणजे एकाच हत्यारानं मारलेला. आणि मग मोटारखान्यातून आलेल्या सामानात एक पितळी झाकण सापडलं, इथल्याच ओताऱ्यानं ओतलेलं, कडेला देवनागरीत धार असं लिहिलेलं. त्यावरही तोच चांद… विलायतेचा तपासनीस धारच्या झाकणावर ठसा मारायला कशाला येईल?

चांद माझ्या आजोबांचा होता. मोटारखान्यात जो भाग बदलला, तपासला, चांगला ठरला, त्यावर ते आपली खूण मारत. सही येत नव्हती, म्हणून चांद. डोळे मिटून घे म्हणजे मजबूत आहे, एवढंच. दादांनी त्याचा अर्थ मूळचा असा लावला. म्हणजे ज्यावर चांद, तोच भाग बदललेला. आणि हाटपिपल्याच्या इंजिनाचा नंबर जुळत होता पण चांद नव्हता, कारण ते खरंच कधी उतरलं नव्हतं.

हे मी दादांना एकांतात सांगू शकले असते. मी रविवारी सकाळी सांगितलं, इंदूरचे दोन शौकीन बसलेले असताना. डोळ्यांवरचं फडकं मी विसरले नव्हते. दादांनी सगळं ऐकून घेतलं, वही मागितली, आणि एकेक पान फाडून हाताचं ग्रीस पुसलं. सगळी पानं संपेपर्यंत. मग इंदूरवाल्यांना म्हणाले, "बेटी पढ़ गई। अब बाप का बाप बन गई।" त्या दोघांपैकी कोणी परत आलं नाही. हळूहळू बाकीचेही कमी झाले. आई म्हणाली, "तुला घरी बोलता येत नव्हतं का गं?"

पण मांगीलालजींना सांगायलाच हवं होतं. दोन वर्षं मी दर महिन्याला विचारत राहिले. दादा आधी शिव्या द्यायचे, मग नुसते दुसरीकडे बघायचे. ते जाण्याच्या आदल्या रविवारी मी शेवटचं विचारलं. ते गाडीखाली झोपले होते, फक्त पाय दिसत होते.

"दादा, तुम्ही नाही तर मी जाते."

"मी मेलो की जा. जिवंतपणी माझा शब्द फिरवायचा नाही."

"तुमचा शब्द मोठा, आणि त्या माणसाचा बाप?"

"अर्ध्या इंचाचा पाना दे," म्हणाले. मी दिला. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेराव्यानंतर मी हाटपिपल्याला गेले. मांगीलालजींनी ओट्यावरच बसवलं, पाणीही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं.

"बाउजी उसके बाद तीन साल जिए," ते म्हणाले. "नरसिंह भगवान के सामने कसम खाई थी उन्होंने। मैंने मानी नहीं। गाड़ी को हाथ नहीं लगाने दिया उनको। और तुमको दो साल से मालूम था?"

"हाँ।"

"बाप मरा, तब याद आई।"

मी मान खाली घातली नाही. ते म्हणत होते ते खरंच होतं आणि ते मला ऐकायचंच होतं. मग ते आत गेले, नातवाच्या वहीतला कोरा कागद आणि पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. "ज़बानी का क्या करूँ? ज़बानी तो तुम्हारे बाप ने भी बोला था। लिखके दो।"

मी हिंदीत लिहिलं, त्यांना वाचता यावं म्हणून. गाडीचं पहिलं इंजिन मूळचंच होतं. बाउजी खरं बोलत होते. चूक माझ्या वडिलांची. नंतरची दोन वर्षं गप्प राहण्याची चूक माझी. खाली नाव लिहिलं, नावापुढे बी.एस्सी. लिहिलं आणि सही केली. मांगीलालजींनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला जायला सांगितलं.

हाटपिपल्याच्या गाडीचं इंजिन अस्सल होतं, हे आता लेखी आहे.