डनमोरच्या पाटीवर पाय धुताना

गणपतजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी पारशिवनीच्या मालगुजारांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, डनमोर मोटारीखाली उताणा पडलो होतो. सायलेन्सर लोंबत होता, तो बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेच्या तुकड्यानं बांधून काढायचं चाललं होतं. नागपूरहून आलेल्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर वाकून म्हणाला, "वासू, बाहेर ये गा... तुमचे गणपतजी गेले." मी बाहेर आलो, मातीनं हात घासले, पण काळं तेल निघेना. त्याच्याच मोटारीनं निघालो, ती कन्हानच्या पुलावर तापून उभी राहिली आणि मी पोचलो तेव्हा माणसं घाटावरून परतत होती. शेवटचं तोंड पाहणं काही झालं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जिभेवर साखर ठेवावी असा रिवाज आहे. गणपतजींबद्दल लिहायला मला साखर मुद्दाम आणावी लागणार नाही. पण त्यांच्या वाट्याला जी कंपनी आली आणि जी गिऱ्हाइकं आली, त्यांच्याबद्दल गोड लिहिणं मला जमायचं नाही. चार महिने होऊन गेले तरी शिसारी जात नाही, ती नाहीच जात.

घराणं उमरेडच्या विणकरांचं. ओसरीवर माग, आणि गणपतजींची उमेदवारी खांद्यावर रेशीमकाठी धोतरजोड्यांचं गाठोडं घेऊन मालगुजारांच्या दारोदार फिरण्यात गेलेली. त्या धंद्याची एक रीत होती. काठाचा रंग धुण्यात उतरला तर वापरलेला जोडा परत घ्यायचा, हुज्जत घालायची नाही. एवढ्या एका शब्दावर नागपूर ते पारशिवनी त्यांचा माल डोळे मिटून घेत. हे मुंबईत डनमोर मोटारीच्या साहेबांच्या कानावर गेलं. त्यांना मोटारीतलं कळणारा माणूस नकोच होता, ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात असा हवा होता. असे धोतरवाले गणपतजी नागपूरच्या सदर भागात मोटारीचे एजंट झाले. आणि मोटार विकतानाही ते तेच बोलले, जे आयुष्यभर बोलत आले होते : "रंग उतरला तं माल माहा." कंपनीच्या साहेबांना हे ऐकून फार हसू आलं होतं म्हणे. हसू दे. गाड्या त्याच वाक्यावर खपल्या.

मी राजापूरकडचा. मराठी चौथीत शाळा सुटली, मुंबईला एका गॅरेजात हात काळे करायला शिकलो आणि कंपनीनं मला फिटर म्हणून गाड्यांबरोबर इकडे पाठवलं. नागपूरचा उन्हाळा, इथली भाषा, जेवणातलं तिखट, सगळ्याचीच मला धास्ती. पहिल्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला गेलो तो चपला काढून थेट ओसरी चढलो. आतून काकू, गणपतजींच्या पत्नी, ओरडल्या, "काहून गा, मागावरचं सूत दिसून नाई राहिलं का? पाय धू पहिले!" मागाच्या घरात धुळीचे पाय चालत नाहीत, ताण्याच्या उभ्या सुतावर माती बसते. लाटसाहेब आला तरी त्यानं रांजणापाशी पाय धुवावेत आणि मगच वर यावं, हा काकूंचा कायदा. मी पाय धुतले, आणि त्या घरातून उपाशी असा पुन्हा कधी गेलो नाही.

मग मंदी आली आणि डनमोर कंपनीनं हिंदुस्थानातला कारभार गुंडाळला. धंद्यात बसतं, उठतं. त्याचा मला राग नाही. राग आहे तो उठले कसे त्याचा. मुंबईहून दोघं जण घण घेऊन आले. गोदामातले पिस्टन, बेअरिंगं, गिअरची चाकं, सगळं कागदात गुंडाळलेलं कोरं करकरीत सामान अंगणात मांडलं आणि फोडलं. का, तर ते भलत्याच्या हाती पडलं तर कंपनीचं नाव खराब होईल. गणपतजी म्हणाले, "अन् गाड्या रस्त्यात मेल्या तं नाव उजळते का गा?" त्यांनी घण चालूच ठेवले. नवीन चाक फुटताना एक स्वच्छ आवाज येतो, घंटेसारखा. फोडून झाल्यावर त्या दोघांनी काकूंकडे प्यायला पाणी मागितलं. काकूंनी दिलंही. मला मात्र कंपनीनं गाडीबरोबर पाठवलं होतं तसं गाडीबरोबरच टाकलं. परतीचं तिकीट कोण देणार, कोणी बोलेना. मी गाठोडं बांधून बसलो होतो. गणपतजी आले, गाठोड्याकडे पाहून म्हणाले, "हे काय मांडलं? जेवाले चाल."

पुढची वर्षं गिऱ्हाइकांनी गाजवली. सीताबर्डीवरच्या एका वकिलांनी तर बंद पडलेली डनमोर बैल जुंपून आणली आणि दारात सोडली. चार लोक जमवले आणि मोठ्यानं म्हणाले, "घ्या गणपतजी, तुमच्या धोतराचा रंग उतरला!" लोक खो खो हसले. गणपतजींनी मान खाली घालून बैल सोडवले आणि म्हणाले, "ठेवा सायब. माल माहा आहे." त्या दिवसापासून आम्ही दोघं एका मेलेल्या डनमोरचे अवयव काढून दुसरी चालती करत असू. शोरूम गेलं, एजन्सी गेली, ओसरीवरचे मागही एकेक करून गेले. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मागं कोळशाच्या गॅसचा डबा लावून गाड्या धूर ओकत पळवल्या. वकीलसाहेबांची गाडीही पळाली. त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही, हे सामान आणता कुठून?

शोरूमवरची पाटी तेवढी गणपतजींनी घरी आणली होती. निळ्या इनॅमलची, पांढऱ्या अक्षरांत डनमोर लिहिलेली, चांगली दाराएवढी. मला वाटलं माळ्यावर ठेवतील. त्यांनी ती रांजणापाशी, पाय धुवायच्या जागी चिखल होत असे तिथं, अक्षरं वर करून अंथरली. "याचा एवढाच उपयोग," म्हणाले. रोज सकाळी त्या नावावर उभं राहून ते पाय धुवायचे. पण खाली बसून नारळाच्या शेंडीनं ती पाटी घासायचेही तेच. शेवाळ धरू दिलं नाही. 

लढाई संपली आणि डनमोर कंपनीला नागपूरची आठवण झाली. प्रतिनिधी आले ते आपल्यातलेच, पुण्याकडचे, मऊ बोलणारे. क्लबात आम्हा दोघांना चहाला बोलावलं. त्यांचा प्रश्न एकच : डनमोर नागपुरात परत चालेल का? मला वाटलं, गणपतजी चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "चालन ना. मानसं लवकर इसरतात." साहेब खूष. मग एजन्सी पुन्हा तुम्हीच घ्या, तुमच्या शब्दाला इथं किंमत आहे, वगैरे. गणपतजींनी एकच अट घातली, की नव्या गाडीआधी जुन्या गाड्यांचं सामान येऊ द्या. साहेब हसले. "अहो, जुन्यांचं काय करायचंय? जुन्या मोडल्या म्हणजेच लोक नव्या घेतील ना!" गणपतजींनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. बाहेर पडताना व्हरांड्यात वकीलसाहेब भेटले. नव्या गाडीसाठी पहिलं नाव लावायला आले होते. "गणपतजी, आपल्या जुन्या ओळखीवर जरा पुढचा नंबर..." एवढं म्हणून त्यांनी गणपतजींच्या खांद्यावर हात ठेवला. गणपतजी तडक घरी आले. पाटीवर पाय घासघासून धुतले, खांदाही ओल्या पंच्यानं पुसला. त्यानंतर त्यांना जो ताप चढला तो उतरला नाही. वैद्य छाती भरली म्हणाले. असेल.

तेराव्यानंतर प्रतिनिधी घरी आले. हातात फुलांचं चक्र, आणि मधोमध शेवंतीत ओवलेली डनमोरची खूण. ज्यांचं सामान फोडलं त्यांच्याच दारी आपली खूण फुलांत घालून आणायची... मी तोंड फिरवलं. ओसरी चढणार तोच काकू आतून म्हणाल्या, "पाय धुवून या बाप्पा." साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, पाटलोण वर गुंडाळली, आणि पाणी घेता घेता खाली पाहिलं. "अरे! ही तर आमची पाटी!" आपण तिच्यावर उभे आहोत याचं त्यांना काही वाटलं नाही. उलट आनंद झाला. नव्या शोरूममध्ये लावू म्हणाले, शेजारी गणपतजींचा फोटो, जुना ऋणानुबंध लोकांना दिसेल. आणि एजन्सी आता मी चालवायची, गणपतजींचा माणूस म्हणून.

मी खोटं कशाला लिहू? राजापूरला माझी आई आहे, बायको आहे. पाठवायला दरमहा काही लागतं, आणि गणपतजींमागं माझं काय होणार या काळजीनं मला झोप नव्हती. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मले काय पाहून राहिला? तुले जे वाटते ते सांग." तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही, गणपतजींनी मागितलं होतं तेच मी मागितलं. पारशिवनीची गाडी सायलेन्सर बांधून पडली आहे, तिचं सामान आधी येईल का? साहेब कंटाळून म्हणाले, "पुन्हा तेच का?" मी म्हटलं, "मग पाटी इथंच राहू दे. घरात यायला लागते."

शोरूम आता दुसऱ्यानं घेतलं आहे, सदरमध्येच. गणपतजी म्हणाले तसं डनमोर खुशाल परत आली. उद्घाटनाला वकीलसाहेबांनी भाषण केलं. पारशिवनीच्या मालगुजारांनीही नवीसाठी नाव लावलं आहे आणि जुनी माझ्याकडे पाठवून दिली, मोडीत काढा म्हणून. मी भंगारात घातली नाही. तिचे अवयव ज्यांच्या गाड्या अजून उभ्या आहेत त्यांना लागतील. त्यावर दोन घास मिळतात, पुढचं पुढं.

सकाळी रांजणापाशी जातो. पाटीवर दोन ठिकाणी इनॅमल गेलं आहे, आत काळा पत्रा दिसतो. अक्षरांच्या खाली, एक गणपतजींच्या एका टाचेची जागा, एक दुसरीची. अक्षरं मात्र शाबूत आहेत. मी तिथं पाय ठेवत नाही. अक्षरांवर ठेवतो, चांगले घासून धुतो, आणि मग खाली बसून शेंडीनं पाटी घासतो. काकू आतून विचारतात, "धुतले का गा पाय?"