जुना लॅपटॉप आणि सीताराम काकांचा ताल

गेल्या रविवारची अख्खी दुपार लाखनीतल्या माझ्या स्टुडिओत एका नमनाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेली... आणि अंगातला शीण अजून उतरलेला नाही.

स्टुडिओ म्हणजे हायवेला लागून एक गाळा. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तरी ट्रकचा हॉर्न आत येतोच. लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर बांधता बांधता एकेक वस्तू जोडत हे उभं केलं, म्हणून तक्रार नाही. तक्रार फक्त लॅपटॉपची...

नागपूरहून सेकंडहँड आणलेला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारी म्हणजे गाण्या-नाचाचे लोकखेळ होतात, नाटकं लागतात. त्याच्या आधी माझ्याकडे रेकॉर्डिंगची रांग, आणि नेमका तेव्हाच हा मान टाकतो. ढोलकी, पेटी, ऑर्गन, कोरस... सगळं एका प्रोजेक्टमध्ये चढवलं की आवाजात चटचट सुरू. तव्यावर मोहरी तडतडावी तशी.

इलाज मला ठाऊक होता. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर नावाची गोष्ट असते. ती वाढवली की लॅपटॉपला काम उरकायला थोडी सवड मिळते, चटचट थांबते. सकाळीच बफर पार वरपर्यंत नेऊन ठेवला. आवाज स्वच्छ. मीही खूश.

दुपारी सानगडीकडून दोघं आले. सीताराम काका, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या गावच्या दंडारीची सुरुवात इतकी वर्षं त्यांच्याच नमनाने होते. सोबत त्यांचा पुतण्या पुरुषोत्तम, मंडळ आता तो सांभाळतो. यंदा नमन आधी रेकॉर्ड करून मोबाईलवर फिरवायचं, म्हणजे मंडईला गर्दी येईल, असा त्याचा विचार.

काका उघड्या आवारात गाणारे. हेडफोन पहिल्यांदाच कानाला लागला. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली वाद्यं त्यात सुरू केली... पहिली ओळ ठीक, दुसरीला मागे, तिसरीला अजून मागे. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, सगळे घामाने चिंब. चटचट कुठेच नव्हती, त्यामुळे लॅपटॉपवर शंका घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मनात म्हटलं, वय झालं...

पुरुषोत्तम वाईट माणूस नाही. पण मंडळ चालवायचं म्हणजे कधीतरी बोलावंच लागतं. अगदी हळू म्हणाला, "काका, यंदा राहू द्या. नमन पोरायले म्हणू द्या."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बापू, तुहे कान चांगले हायेत. खरं सांगजो... माहा ताल गेला का?"

मी नजर चुकवून चहा मागवू का म्हणालो. काका म्हणाले, "चहा नंतर. एकडाव अजून लाव."

लावला. या खेपेला त्यांनी एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला आणि तिथे तळवा धरला. दंडारीत उभे राहतात अगदी तसे. गायला लागले... आणि पहिली ओळ समेवर. दुसरी समेवर. कडवं संपलं तरी तसूभर मागे नाहीत.

माझे कान टवकारले. कान उघडा केला की माणसाचं वय कमी होतं, असं तर कुठे होत नाही.

हेडफोन घेतला, दोन्ही कानांवर लावला, माईकसमोर टाळी वाजवली. टाळी आधी हातात वाजली... आणि कानात नंतर. मधे चांगली फट. बफर वाढवून मी चटचट घालवली होती, पण गाणाऱ्याला त्याचाच आवाज उशिरा ऐकू येत होता. काका बिचारे ओळीओळीला स्वतःच्या आवाजासाठी थांबत होते; उघड्या कानाला तो थेट मिळाला, म्हणून ताल जागेवर आला.

मग कामाला लागलो. सगळी वाद्यं एकत्र करून एकच तयार ट्रॅक काढला. नवा प्रोजेक्ट उघडून त्यात फक्त तो ट्रॅक आणि काकांचा माईक. वायफाय बंद, ब्राउजर बंद, चार्जर लावून पॉवर सेटिंग फुल. आता लॅपटॉपवर ओझंच नव्हतं, त्यामुळे बफर खाली आणला तरी चटचट झाली नाही. टाळी हातात आणि कानात एकदमच.

काकांनी या वेळी दोन्ही कान झाकून गायलं. एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पुरुषोत्तमला स्पीकरवर आधीचं आणि आताचं दोन्ही ऐकवलं. सांगितलं की मागे काका पडत नव्हते, माझी मशीन पडत होती. तो काकांकडे वळला. मग म्हणाला, "काका, मंडईले मंग तुम्हीच."

"मी कोठं नाही म्हनलो होतो?" काका म्हणाले, आणि तेव्हा कुठे चहा मागवू दिला.

जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या मित्रांनो, गाणं घेताना बफर कमी ठेवा, मिक्सिंगला बसाल तेव्हा वाढवा. वाद्यांचा आधी एक ट्रॅक करून घ्या, नवा लॅपटॉप घ्यायची घाई करू नका.

बाकी आभार काकांचे. ते 'एकडाव अजून' म्हणाले तेव्हा मी मनातून हरलो होतो, माईकची वायर गुंडाळायला हात पुढे गेला होता... ते पुन्हा गायला उभे राहिले नसते, तर त्यांचा ताल गेला असं मी आजही मानून बसलो असतो. आणि तेही.