कावळ्यासमोर केलेलं भाषण

माझं भाषण ऐकून जिवंत माणसं उठून गेल्याचा मला अनुभव आहे. मेलेला माणूस रुसून बसला, तो मात्र आपटा गावच्या घाटावरच!

माझ्या बाळाकाकाचा दहावा होता. पाताळगंगेच्या काठी पिंड मांडले आणि 'खांदा कॉलनीतला मराठीचा मास्तर' म्हणून चार शब्द बोलायला मला पुढे ढकललं. (ढकललं कसलं, मीच पुढे सरकलो होतो!)

"काकांच्या जाण्याने आपल्या कुटुंबाची अपरिमित हानी झाली आहे..."

इतका वेळ चाललेली कावकाव एकदम थांबली. समोरच्या झाडावर कावळेच कावळे, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे! पान हलेना, पाणी हलेना. पिंडाकडे तर एकही फिरकेना.

"काय मनात राह्यलं रं याच्या?" काकीचा आवाज कापत होता. कावळा शिवेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेणार नव्हती, आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

"काका, तुझ्या पोरीचं लग्न धूमधडाक्यात लावतो!" एक चुलतभाऊ हात जोडून ओरडला.

"काका, छप्पर नवं घालतो!" दुसऱ्याने कबूल केलं.

कावळे ढिम्म. मला वाटलं, मुद्दा नीट पोचला नसेल. (वर्गातली खोड, दुसरं काय!) मी खुलासा केला, "अपरिमित म्हणजे जिचं मोजमाप होत नाही अशी. वाक्यात उपयोग: पुरामुळे शेतीची अपरिमित हानी झाली."

एक कावळा उडाला. पिंडांवरून थेट माझ्या पुढ्यात उतरला आणि मान तिरकी करून बघत राहिला. अगदी काका बघायचा तसाच! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, हातातला कागद गळून पडला.

"आरं, जित्तेपनी तुझं बोलनं त्याला कदी समजलं नाय, आता काय समजनार हाय?" काकी ओरडली. "काय नुकसान झालंय ते सरळ सांग ना त्याला!"

मी कावळ्यासमोर उकिडवा बसलो.

"काका... तुझी मांजर दारातच बसून हाय. कुनाच्या हातचं खात नाय. मलाबी त्या घरात पाय ठेववत नाय रं."

"मी घालीन तिला बोंबील, माज्या हातानं," काकी रडत म्हणाली. "तू जा आता."

कावळा दोन उड्या मारत वळला आणि पिंडाला शिवला! काकी मटकन खालीच बसली. कुणीतरी तिला पाणी पाजलं. मी डोळे पुसले.

मग बाकीचे कावळेही उतरले. त्यांनी पिंड संपवले, पत्रावळ फाडली, काकासाठी ठेवलेली विडीसुद्धा पळवली. माझ्या भाषणाच्या कागदाला मात्र एकानेही चोच लावली नाही!