मॅगझीनमध्ये खोबरेल

२०२१ च्या वसंतात आयर्लंडमधल्या ॲथलोनजवळच्या आमच्या नेमबाजी क्लबात एका रायफलीने मला पार वेड लावलं होतं. क्लबातल्या एका निवृत्त फिटर आजोबांनी लॉकडाउनमध्ये एकेक भाग निवडून, रीतसर परवान्यावर ती जुळवली होती. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची खालच्या मॅगझीनमधून, म्हणजे गोळ्यांच्या डबीतून, आपोआप वर यायची. निदान यायला हवी होती. दोन सुटायच्या आणि तिसऱ्यांदा गोळी पुढे ढकलणारा बोल्ट रिकामाच पुढे जायचा.

शनिवारी लॉकडाउननंतरचा पहिला सामना होता आणि तो मी आजोबांच्या देखरेखीखाली याच रायफलीने खेळणार होते. शिवाय अख्ख्या गावात मी 'अमक्याची बायको' होते. पुण्यात सात वर्षं मशीन डिझाइन केलेली बाई म्हणून मला विचारणारे आजोबा एकटेच. त्यांच्यासमोर नापास व्हायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मी हात धुऊन त्या रायफलीच्या मागे लागले. गोळ्यांचा ब्रँड बदलला, मॅगझीनची स्प्रिंग बदलली, त्याच्या तोंडाची रुंदी कॅलिपरने तीनदा मोजली. आजोबांच्या वर्कशॉपमध्ये, शेगडीशेजारी, डमी गोळ्या कशा भराभर वर यायच्या! आणि क्लबाच्या उघड्या रेंजवर नेली की बाईसाहेबांचा पुन्हा रुसवा.

गुरुवारी रेंजवर बोचरा वारा होता. मी तिथेच मॅगझीन उघडलं. आत थिजलेल्या तुपासारखं पांढरं काहीतरी, आणि मला एकदम घाम फुटला. आठवड्यापूर्वी ते मॅगझीन मीच साफ करायला घरी आणलं होतं. बंदुकीचं तेल संपलेलं, म्हणून बिजागरी, शिलाई मशीन आणि केस या सगळ्यांना चालतं ते खोबरेल मी त्यातही घातलं. तेसुद्धा बाटली गरम पाण्यात ठेवून, कारण ते गोठलं होतं! एवढं डोळ्यांनी बघूनही इंजिनिअरबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

गुपचूप पुसून टाकावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात आजोबांनी हवेत हुंगलं.

"सनक्रीमचा वास कुठून येतोय?"

इथल्या सनक्रीमला खोबऱ्याचाच वास असतो. मी सगळं सांगून टाकलं. ते बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, ठीक आहे', म्हणत रायफल पेटीत घालून निघून गेले. रागावले की काय, मला कळेना. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

शनिवारी आजोबांनी पुसून स्वच्छ केलेल्या मॅगझीनमधून दहाच्या दहा गोळ्या वर आल्या. प्रत्येक गोळी आली की मला इतका आनंद व्हायचा की नेम धरायचं भानच राहायचं नाही. मी शेवटून पहिली आले आणि तरी नाचत होते.

मग शेजारच्या लेनमधला एक गृहस्थ आपली अडलेली रायफल रिकामी करून आजोबांकडे घेऊन आला. त्यांनी तिला हातही लावला नाही.

"तिला दाखव," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "मला यातलं काय कळतंय!"